एका सकाळचा उस्ताद

आमच्या आजोबांनी घडवलेली पोरं आज कोणी सियाचीनला आहेत, कोणी जैसलमेरला. मी लाजपतनगरला आहे.

आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. आमच्या दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले आणि आठवड्याच्या आत त्यांनी समोरचं मैदान ताब्यात घेतलं. रोज पहाटे कॉलनीतल्या इस्त्रीवाल्याची, माळ्याची, चौकीदाराची पोरं सैन्यभरतीच्या तयारीसाठी हजर! फी नाही, सुट्टीही नाही. नियम मात्र कडक. शिट्टी ज्याच्या गळ्यात, तो उस्ताद. उस्ताद पळाला की मागे पळायचं, त्याला ओलांडायचं नाही, आणि रांगेत तोंड उघडायचं नाही. एक लांब शिट्टी म्हणजे वेग वाढवा. दोन छोट्या म्हणजे थांबा.

एका जानेवारीत, भरतीला आठच दिवस उरले असताना, आजोबांना एकशे सहा ताप भरला. (डॉक्टर एकशे दोन म्हणाले, पण डॉक्टरांना कुठे गोष्टी सांगायच्या असतात!) आजोबांना काळजी तापाची नव्हती, दीपकची होती. दीपक इस्त्रीवाल्याचा थोरला. सोळाशे मीटरला त्याला दहा सेकंद जास्त लागत होते, आणि वयाच्या अटीमुळे ही त्याची शेवटची भरती होती. त्या दिवशी त्याचं टायमिंग घ्यायचंच होतं.

शेवटी आजोबांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली, स्टॉपवॉच हातात दिलं आणि म्हणाले, "मन्या, शिट्टी वाजव, घड्याळ बघ. डोकं वापरू नकोस."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा आणि ब्याण्णव किलोंचा होतो.

मैदानात धुकं असं, की स्वतःचा हात शोधायला दुसरा हात लागावा. स्टॉपवॉच सुरू करून बावीस पोरांना मी अंग गरम करायला एक फेरी मारायला पाठवलं, आणि ती धुक्यात विरघळली. उभ्या उभ्या मी गोठायला लागलो, म्हणून चार पावलं पळालो. (डोकं वापरलं, दुसरं काय!) तेवढ्यात मागून धप धप आवाज. पोरं तर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असणार, मग हे काय? "कौन है?" म्हणून विचारलं. उत्तर नाही. मी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. दमून हळू झालो, तोही हळू झाला. जे काही होतं, ते मला गाठतही नव्हतं आणि सोडतही नव्हतं!

मग मदतीसाठी मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. एक, लांब.

मागचा धपधपाट दुप्पट झाला. मी पुन्हा फुंकली. तो चौपट झाला. मी मैदानाच्या फाटकातून बाहेर, रस्त्यावर, एक चौक, दुसरा चौक, आणि कोपर्निकस मार्गावर एका सरकारी अतिथिगृहाचा दिवा दिसला तसा थेट आत. चौकीदारानं माझ्या मागे पाहत शांतपणे रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "कुल कितने लोग हैं, साहब?"

मी वळलो. धुक्यातून एकामागून एक बावीस पोरं बाहेर येत होती. एकालाही धाप लागलेली नव्हती. सर्वांत पुढे दीपक.

"अरे, बोलना तो था," मी कसाबसा म्हणालो.

"लाइन में बोलना मना है, उस्तादजी."

त्या सकाळी तिथे महाराष्ट्रातून कुठलासा खो-खोचा संघ यायचा होता. आम्हाला मानानं जेवणघरात नेलं गेलं. समोर वाफाळते पोहे आले. मला लाजेनं बसवेना. उस्ताद बसला नाही म्हणून पोरंही बसेनात. तेवीस माणसं पोह्यांसमोर ताठ उभी! व्यवस्थापकांनी घाबरून विचारलं, आधी राष्ट्रगीत आहे का? मग मी बसलो. दहा मिनिटांत पातेलं रिकामं झालं, आणि अकराव्या मिनिटाला खरा खो-खो संघ आला.

मी घरी फोन केला. आजोबा माकडटोपी घालून, अंगावर रजई घेऊन रिक्षातून आले. व्यवस्थापकांची माफी मागितली, माझ्या गळ्यातली शिट्टी काढली आणि एवढंच विचारलं, "दीपकचं टायमिंग?"

मी स्टॉपवॉच दाखवलं. ते अजून चालूच होतं. एक तास चार मिनिटं.

"पोराचा शेवटचा चान्स आहे," आजोबा हळू आवाजात म्हणाले, "आणि तू त्याला पोहे चारलेस."

पुढचे आठही दिवस ते तापातच मैदानात उभे राहिले. भरतीच्या दिवशी मलाही कुंपणाबाहेर नेलं, बहुधा नजरेसमोर ठेवायला. शेवटच्या फेरीत दीपकचे पाय जड झाले. आजोबांनी पुढे जाऊन कुंपणाला धरून आरोळी ठोकली, गर्दीच्या गोंगाटात मला शब्द कळले नाहीत, पण पोरगं असं सुटलं, की चार सेकंद राखून पास!

आजोबा गेले तेव्हा हवालदार दीपक रजा काढून आला होता. शोकसभेत मला राहवलं नाही, विचारलंच, त्या दिवशी आजोबा नेमकं काय ओरडले होते?

तो संकोचला. मग म्हणाला, "बोले थे, दीपक, आगे मन्या दौड़ रहा है, और आज ओवरटेक करने की इजाज़त है."