शाल नको, ब्लोअर चालू राहू द्या

डॉ. कुमुदिनी वैरागडे यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला लसूण सोलायला बसवलं. नोकरीची मुलाखत होती. पशुवैद्यकाची पदवी, प्रशस्तिपत्रांची जाडजूड फाइल आणि कडक इस्त्रीचा शर्ट अशा थाटात मी गेलो होतो. फाइलकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खोलीत पारदर्शक प्लॅस्टिकचा, खाटेएवढा एक बंद तंबू होता. त्याच्या अंगाला जाड रबराच्या दोन लांब बाह्या जोडलेल्या होत्या आणि आत एका वाटीत लसणाचे गड्डे ठेवले होते. बाह्यांत हात घालायचे आणि बाहेर उभं राहून आतला लसूण सोलायचा, पाकळीला ओरखडाही न लागता. मी घामाघूम होऊन जे केलं त्याला सोलणं म्हणता येणार नाही, तो ठेचाच होता. बाई म्हणाल्या, "भाजीत चालते हे. उंदराच्या पिलाले नाही चालत. उद्या ये परत."

पुढचे कित्येक दिवस मी लसूण सोलत राहिलो. एके दुपारी पाकळ्या नीट निघाल्या आणि मला नोकरी मिळाली. तो लसूण त्याच संध्याकाळी बाईंच्या घरच्या वरणात पडला आणि मी त्यांच्या पंगतीला होतो. आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येकाची सुरुवात अशीच झालेली आहे.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने पत्र पाठवून माझ्याकडे 'प्रसन्न लेख' मागितला आहे. तसा लेख आज माझ्यापाशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. छापायचा तर आहे तसा छापावा.

बाईंना सगळं रायपूर दीदी म्हणतं, तेव्हा मीही दीदीच म्हणतो. त्यांचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले. दीदींचं बालपण गुढियारीत, मालधक्क्याच्या आवाजात गेलं. मोठमोठ्या परिषदांत त्या तोलूनमापून बोलतात, पण प्रयोगशाळेत 'मले' आणि 'तुले' याशिवाय त्यांचं पान हलत नाही. निवृत्तीनंतरही मानद म्हणून त्या रोज येत राहिल्या. नवा रायपूरच्या त्या भल्यामोठ्या रिकाम्या रस्त्यांवर बसची वाट बघत, डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या दीदी आमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. गाडी पाठवतो म्हटलं की त्यांना राग यायचा.

त्यांचं काम काय, हे या ग्रंथाच्या सर्व वाचकांना ठाऊक असेलच असं नाही. त्या तंबूला आयसोलेटर म्हणतात. आत उंदीर राहतात, आणि त्या उंदरांच्या अंगावर किंवा पोटात एकही जंतू नसतो. पिढ्यान्‌पिढ्या ते तिथेच जन्मतात आणि तिथेच मरतात. त्यांचं अन्न, पाणी आणि अंथरायचा भुसा, सगळं वाफेवर निर्जंतुक करून आत जातं. हवासुद्धा गाळून, ब्लोअरने आत सोडतात. त्या हवेच्या दाबाने रबरी बाह्या फुगून बाहेरच्या बाजूला ताठ उभ्या राहतात. वीज गेली, ब्लोअर बंद पडला, की आधी बाह्या लोंबायला लागतात. म्हणून दीदी खोलीत आल्या की आधी बाह्यांकडे पाहत. गावाला गेल्या तरी फोनवर पहिला प्रश्न तोच, "बाह्या उभ्या हायेत ना?" प्रयोगशाळा नवा रायपूरला येण्याआधी, शहरात असताना सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी यायची आणि हवेच्या गाळण्या काळ्या पडायच्या. तेव्हा त्यांची काळजी बघवत नसे.

मी नवा असताना मला वाटायचं, इतकं स्वच्छ पोट म्हणजे किती सुखी जीव. एकदा त्यांनी एका मेलेल्या उंदराचं पोट माझ्यासमोर उघडलं. "साफ पोट चांगलं असते, असं कोणं सांगितलं तुले? पाह्य." आतड्याचा एक भाग फुग्यासारखा फुगलेला होता. भिंत पातळ होती आणि त्या भिंतीत राखणीला असणाऱ्या पेशींची वस्ती अगदी विरळ. ज्याने चोर कधी पाहिलाच नाही अशा चौकीदारासारखी त्या उंदराची प्रतिकारशक्ती होती. त्याला बाहेर आणलं असतं तर किरकोळ जंतूनेही तो आडवा झाला असता. आपल्या पोटातले जीवाणू नुसते भाडेकरू नाहीत, त्यांच्यामुळेच आतडं बांधलं जातं, हे मी त्या दिवशी शिकलो. आणखी एक गोष्ट शिकलो, ती आज जास्त छळते. असे जीवाणू कोवळ्या वयात मिळाले तर आतडं सावरतं. मोठेपणी मिळाले तर बरंचसं सुधारतं, पण काही गोष्टी कायमच्या राहून जातात.

चूक झाली तर दीदी ती स्वतः सांगत, आणि पुन्हा पुन्हा सांगत. एकदा अन्न वाफवताना मध्येच वीज गेली. जंतू राहिले असतील या भीतीने त्यांनी तेच अन्न पुन्हा पूर्ण वाफवायला लावलं. काही आठवड्यांनी उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरू लागले. आम्ही जंतू शोधून शोधून थकलो आणि जंतू कुठेच नव्हते. शेवटी दीदींच्या लक्षात आलं. दुहेरी उष्णतेने अन्नातलं के जीवनसत्त्व गेलं होतं. तुमच्याआमच्या पोटातले जीवाणू ते थोडंफार तरी बनवतात, या बिचाऱ्यांच्या पोटात बनवणारं कोणीच नव्हतं. अन्न आम्ही इतकं शुद्ध केलं होतं की ते अन्नच राहिलं नव्हतं. ही हकिगत त्यांनी भर सभेत, सगळ्या संस्थेसमोर सांगितली. त्यानंतर लसूण सोलायला बसलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्या ती सांगत आल्या, आणि शेवट नेहमी एकच, "माह्या हातानं मेले ते."

आमचे सहकारी साहू यांच्या घरचा प्रसंग सांगितल्याशिवाय दीदींचा स्वभाव कळणार नाही. साहूंना मुलगी झाली, अपुऱ्या दिवसांची. हा भला माणूस दिवसभर आयसोलेटर सांभाळणारा, त्याने घराचाही आयसोलेटर केला. चमचे उकळले, पडदे उकळले, मुलीच्या अंगाला कोणी हात लावेना. गावाहून आलेली त्यांची म्हातारी आई दाराबाहेर बसून नातीकडे लांबून बघायची. दीदी गेल्या, साध्या साबणाने हात धुतले, मुलीला उचललं आणि सरळ आजीच्या मांडीवर दिलं. म्हणाल्या, "साहू, ये लड़की है, चूहा नहीं है." साहू खाली मान घालून "हव दीदी", हो दीदी, एवढंच म्हणाले. ती मुलगी आता अखंड बडबड करणारी, महाखोडकर आणि ठणठणीत आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गुढियारीतल्या आपल्या जुन्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दीदी वर्षानुवर्षं जात. बाळांच्या विष्ठेचे नमुने त्या डबीत गोळा करत. बायका हसायच्या, पण द्यायच्या. तिथे सुखवंतीन नावाची एक बाई आहे, गोदामात पोती शिवते. तिचा मुलगा लहानपणी पोटभर भात खायचा आणि तरी काटकीसारखा राहायचा. तिने दीदींना विचारलं होतं, खातो तर अंगी का लागत नाही? दीदींचं पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नामागे गेलं. खंगलेल्या बाळाच्या पोटातले जीवाणू जंतुविरहित पिलाला दिले तर पोटभर खाऊनही ते पिलू खंगतं का? खंगलं, तर नंतर सुदृढ बाळाचे जीवाणू देऊन ते सावरतं का? आणि उशीर नेमका कधी होतो? दीदी दिसल्या की सुखवंतीनचा प्रश्न ठरलेला असे, "दीदी, मोर लइका के पता चलिस का?" माझ्या लेकराचं काही कळलं का? दीदी म्हणत, कळेल.

कळण्याच्या बेतात होतं. या प्रयोगासाठीची शेवटची पिलं नुकतीच जन्मली होती, त्यांचे डोळेही उघडले नव्हते. ती आईच्या दुधावरून सुटेपर्यंत थांबायचं होतं, मग उत्तराची सुरुवात झाली असती.

आणि आमच्या संस्थेच्या ज्या बैठकीत दीदींच्या पंचाहत्तरीचा सोहळा आणि हा ग्रंथ मंजूर झाला, त्याच बैठकीत आमची खोली रिकामी करायचंही ठरलं. जागा दुसऱ्या विभागाला हवी होती. दीदींना बोलावलं ते खोलीबद्दल विचारायला नव्हे, सत्काराची तारीख सोयीची आहे का ते विचारायला. मी सोबत होतो. एका उत्साही गृहस्थांनी शाल कोणत्या रंगाची आवडेल असंही विचारलं. दीदी म्हणाल्या, "शाल नको मले. पिल्लं दूध सोडेपर्यंत ब्लोअर चालू राहू द्या." सगळे हसले. एक अधिकारी कौतुकाने म्हणाले, "दीदी, आप भी ना." त्या थट्टा करत नव्हत्या, हे त्या खोलीत कोणाला कळलं नाही, किंवा कळूनही कोणाला सोयीचं नव्हतं.

आम्ही अर्ज केले, हातापाया पडलो. दुसऱ्या शहरात कळवून पाहिलं, पण असे उंदीर न्यायचे तर ते जंतुविरहित ठेवूनच न्यावे लागतात, आणि तशी सोय दिलेल्या मुदतीत होईना. त्यांना साध्या उंदरांच्या खोलीत सोडणं म्हणजे आजारांच्या तोंडी देणं होतं. दीदींनी ते होऊ दिलं नाही. ठरल्या दुपारी त्यांनी स्वतः रबरी बाह्यांत हात घातले आणि भुलीच्या औषधाने एकेकाला कायमचं झोपवलं, आधी मोठ्यांना, मग पिलांना. आयुष्यभर एकाही उंदराला त्यांचा उघडा हात लागला नव्हता, त्या दिवशीही लागला नाही. मग साहूंनी ब्लोअर बंद केला. बाह्या थोडा वेळ तशाच राहिल्या आणि हळूहळू खाली आल्या. दीदी म्हणाल्या, "बाह्या पडल्या." साहू रडले, मीही रडलो. दीदी रडल्या नाहीत आणि मला तेच सोसवलं नाही. अशी वसाहत पुन्हा उभी करायची तर पहिल्या पावलापासून सुरुवात करावी लागते, आणि ते पाऊल आमच्याकडे कोणी टाकेल असं मला वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात त्या गुढियारीला निघाल्या. मी म्हटलं, दीदी, तिला सांगायची काय गरज आहे, ती विसरलीही असेल. त्या बसमध्ये चढता चढता म्हणाल्या, "मी तिले कळेल म्हणलं होतं." सुखवंतीन पोती शिवत होती. तिचा मुलगा आता दहावीत आहे आणि वर्गात सगळ्यांत ठेंगणा आहे. दीदी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सरळ सांगितलं, "नहीं पता चला. अब मेरे यहाँ पता नहीं चलेगा." सुखवंतीनच्या हातातला दाभण थांबला. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "फेर कब आबे दीदी?" पुन्हा कधी येणार? पाणी पिऊन दीदी उठल्या. परतीच्या वाटेवर त्यांचा हात धरून चालताना तो किती हलका झाला आहे, हे मला पहिल्यांदा जाणवलं.

गौरवसमारंभाला त्यांनी स्वतःहून एकच नाव सुचवलं आहे. सुखवंतीनला पहिल्या रांगेत बसवा, असा त्यांचा निरोप आहे. का, असं मी विचारलं. "काहून म्हणजे? ज्याले उत्तर द्यायचं राहिलं, ते माणूस समोर असलं पाहिजे."

तेव्हा हा ग्रंथ हातात घेऊन त्या दिवशी सभागृहात बसलेल्या सर्वांना माझी विनंती आहे. दीदींच्या खांद्यावर शाल पडेल आणि तुम्ही टाळ्या वाजवाल. मीही वाजवीन, कारण त्यांच्यावर माझं आईइतकं प्रेम आहे. पण पहिल्या रांगेत, गोदामातून तशीच आलेली एक बाई असेल, तिच्याकडे एकदा पाहा. तिच्या प्रश्नाला आता कुठल्याही खोलीत जागा उरलेली नाही, तो फक्त दीदींपाशी आहे. म्हणून दीदींना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, इतकं उदंड की कधीतरी बसमधून उतरून, गुढियारीच्या त्या पाऱ्यात जाऊन, त्यांना तिला 'कळलं' असं सांगता यावं. तसं होईल असं मला मनापासून वाटत नाही. तरीही मागतो.