चीनच्या वेशीत थोरले साडू

आमच्या थोरल्या साडूंना परका माणूस या पृथ्वीवर अजून भेटायचा आहे. मूळचे आटपाडीचे, पण उभं आयुष्य माधवनगरात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. त्यामुळे बोलणं नेहमी हाळी घातल्यासारखं. मराठी न येणारा माणूस असू शकतो, हेच त्यांना पटत नाही. त्यांच्या मते अशा माणसाला ऐकू कमी येतं एवढंच. तो जितका गोंधळेल तितका साडूंचा आवाज चढतो. एकदा मद्रासच्या हॉटेलात वेटरला "आरं, ठेचा हाय का ठेचा?" असं तीनतीनदा विचारून शेवटी ते स्वतःच आत गेले आणि मिरच्या भाजून आले. निघताना आचारी त्यांच्या पाया पडला. का, ते त्यालाच ठाऊक.

गेल्या वर्षी अक्का वारल्या. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यानंतर साडूंचा आवाजच बसला. कुणी विचारलं तर "बरं हाय" म्हणायचे आणि टीव्हीकडं बघत राहायचे. मी नवे माग बघायला काही कारखानदारांबरोबर दक्षिण चीनला निघालो होतो, तर त्यांच्या मुलानं गळ घातली, "काका, अण्णांनाबी न्या की."

माग बघून झाल्यावर आम्हाला चाओझोऊ नावाच्या जुन्या शहरात फिरायला नेलं. नदीकाठी भला थोरला दरवाजा, वर कौलारू मजले, लाल कंदील आणि खाली भाड्याचे राजेशाही झगे घालून फोटो काढणाऱ्या पोरी. साडूंनी मान वर करून सगळं न्याहाळलं. "पाव्हणं, वेस हाय की ही! लय दणकट बांधलीया." मग त्यांनी चपला काढल्या, दगडाला हात लावला आणि कपाळाला टेकवला. मागून येणाऱ्या दोन चिनी बायकांनीही, इथं असंच करतात असं समजून, तसंच केलं.

थोड्या वेळानं माणसं मोजली तर साडू गायब. फोन बसमध्ये, पासपोर्ट माझ्याकडं. संध्याकाळची रेल्वे गाठायची होती आणि आमची वाटाडी मुलगी रडकुंडीला आलेली. मी दरवाजाच्या आतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तेवढ्यात ओळखीची हाळी कानावर आली. कैक महिन्यांनी ऐकत होतो.

एका दुकानापुढं, बुटक्या स्टुलावर, साडू एका चिनी म्हाताऱ्यासमोर बसले होते. म्हातारा तान्ह्या बाळाचं बोंडलं भरेल एवढ्याशा कपात चहा ओतत होता आणि साडू बोलत होते. आटपाडीच्या डाळिंबांवरून बोलणं मागावर गेलं, मागावरून अक्कांवर.

"दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, आवं, जेवलासा का? सोताच्या तोंडात पाण्याचा थेंब न्हाई, अन् मला इचारती..."

हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि कप भरला. मी भिंतीआड थांबलो. वाटाडी धावत आली तेव्हा तिला म्हटलं, "बाकीच्यांना जाऊ द्या. आम्ही नंतरच्या गाडीनं येतो."

बोलून झाल्यावर साडूंनी डोळे पुसले आणि मला बघून जरा ओशाळले.

"त्याला काय कळलं असंल, अण्णा?" मी विचारलं.

"कळलं न्हाई तर न्हाई. पर मदी बोलला न्हाई बगा."

आम्ही दरवाजातून नदीवर आलो. तिथला पूल मधल्या भागात होड्या जोडून केलेला आहे. ऊन उतरलं होतं आणि माणसं एकेक होडी सोडवून बाजूला नेत होती. बघता बघता पुलाचे दोन तुकडे झाले आणि मधून नुसतं पाणी वाहू लागलं.

"आता पलीकडं कसं जायचं?" साडूंनी विचारलं.

"सकाळी परत जोडतात म्हणे."

"रोज?"

"रोज."

ते कठडा धरून पलीकडच्या काठाकडं बघत राहिले. मीही घाई केली नाही.