सोपाऱ्याचा शुक्रवार

बोलायला गेलं की मामा आधी दोन बोटांनी समोरच्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवून घेत. मग म्हणत, "हां, आता बोला." कारखान्यात हिशेब लिहिणारा मेहताजी म्हणून मी नवा होतो तेव्हा मला याचा रागच आला होता. पुढे त्यांनी शेटचीही हनुवटी तशीच वळवली, शेट हसले, आणि मीही हसायला शिकलो. अशी लकबीची माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण हसतो आणि कारण विचारायचं राहून जातं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. निजामपुऱ्यातल्या त्या कापडाच्या कारखान्यात मामा तरुणपणापासून लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत होते. त्यांचं गाव अंबाडीच्या पलीकडचं. शिफ्ट सुटली की चहाच्या गाडीवर मी त्यांना वाचलेलं काहीबाही सांगे. एकदा सोपाऱ्याचं सांगितलं. एके काळची राजधानी, शेजारी समुद्र, बंदरात परदेशी गलबतं. मामांचं चित्त राजधानीपेक्षा समुद्रावर बसलं. तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"समिंदर म्हणं दिसायच्या आदी ऐकू येतो. खरं हाय?"

"खरं."

"मंग येकदा ऐकवा, मेहताजी."

"नेतो," म्हणालो. मग पावसाळा आला, दिवाळी झाली, माझं लग्न झालं. शुक्रवारी कारखाना बंद असे आणि माझ्याकडे काही ना काही सबब तयार असे. मामा विचारत, "औंदा?" मी म्हणे, "यंदा नक्की." असं करता करता सहा वर्षं गेली.

शेवटी एका शुक्रवारी एसटीने गेलो. सोपाऱ्यात विटांचा जुना स्तूप आहे. गावातले लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात, हे कळल्यावर मामांची कळी खुलली. "बुरूड राजा व्हतो, तं इणकर का न्हाय?" असं म्हणून ते विटांवर असे ताठ बसले, की गवत कापणारी बाई विळा थांबवून पाहू लागली. मी मुजरा केला.

तिथून रिक्षाने कळंबच्या किनाऱ्याकडे. सुरूच्या झाडांत उतरलो आणि मला गाज ऐकू आली. मी थांबलो. मामा चालतच राहिले. गुडघाभर पाण्यात जाऊन लाटा फुटताना बघत राहिले, मग परत आले आणि त्यांनी माझी हनुवटी धरली.

"आवाज कवा येतो?"

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदा दिसलं. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान नेले होते. पहिल्या वर्षी पाठीमागून हाक मारली तर मामा वळत. अलीकडे वळत नसत, आणि मला वाटे, म्हाताऱ्याची तंद्री लागली असेल. तेव्हाच आणलं असतं तर थोडंफार तरी त्यांच्या कानी पडलं असतं. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"आज समुद्र गप्प आहे, मामा," मी म्हणालो.

त्यांनी लाटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आसंल," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

पुढे त्यांनी काम सोडलं, गावी गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो. ओसरीवर चार माणसं बसली होती. मामी म्हणाल्या, "तुमी समिंदर दावला, लय सांगत व्हते. समिंदर येकदम गप आसतो म्हणायचे. पोरं हसायची, तरी ह्ये भांडायचे. मेहताजींनी सांगितलंय, म्हणायचे. खरं हाय ना वो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो.