लिव्हरचा नव्हे

आईच्या स्तनातला कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला, तेव्हा आमच्या नातेवाइकांना चक्क हायसं वाटलं. आता निदान चारचौघांत नाव घेता येईल असा रोग झाला होता ना! मामा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला बिनदिक्कत सांगू लागले, "अक्काला लिव्हरचा कॅन्सर हाय."

डॉक्टरांनी मला सरळ समजावून सांगितलं होतं. मोहोळचा माणूस चिंचोळी एमआयडीसीत राहायला आला म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही. तसंच हा लिव्हरमध्ये गेला तरी स्तनाचाच कॅन्सर, आणि औषधंही त्याचीच द्यायची. हेच मी मामांना कितीदा सांगितलं असेल! तरी परवा ते करमाळ्याहून काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊन हजर. वर म्हणतात, "लिव्हरवर लई गुणकारी हाय."

माझं डोकंच फिरलं. आईला बघायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या, पण मी कुणाची भीड ठेवली नाही. "मामा, तिला स्तनाचा कॅन्सर आहे. स्तनाचा!" मी ओरडलेच.

मामा इकडंतिकडं बघत दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, हळू की. बायामाणसं बसल्यात. काय लाज हाय का न्हाय?"

"लाजच होती की," कॉटवर पडलेली आई म्हणाली. "म्हनून तर वरीसभर गाठ पदराखाली झाकून ठेवली."