सासूबाईंच्या पायाखालची वाट

सासूबाईंचं जग कडेकडेनं विरघळत गेलं. आधी दाराची चौकट दिसेनाशी झाली, मग ताटाची कड, मग शेजारी बसलेलं माणूस. मधोमध उजेडाचा एक गोल तेवढा राहिला होता, त्यातून त्या आमच्याकडे बघायच्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येणार नाही हेही सांगितलं.

आमचं घर तेलुगू मुलखातल्या मोठ्या शहरात, कुकटपल्लीला. मागे जरा अंगण, मोगऱ्याची दोन झुडपं, आणि टोकाला शेजारणीच्या अंगणाची बुटकी भिंत. शेजारीण तेलुगू, एकटी राहायची. सासूबाई त्याच शहरातल्या बरकतपुऱ्यात वाढलेल्या. दोघींचं मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू मिसळून तयार झालेलं बोलणं वर्षानुवर्षं त्या भिंतीवरून चालायचं. पण एकदा अंगणात ठेच लागून सासूबाई पडल्या आणि त्यानंतर त्यांनी व्हरांड्याची पायरी उतरणं सोडलं.

एका दुपारी त्या अनवाणी बसल्या होत्या. अंगठा फरशीवर फिरवत मला म्हणाल्या, "इथं चीर गेलीय का गं?"

मी वाकून पाहिलं. केसाएवढी चीर होती. मला ती तोवर दिसली नव्हती.

रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं भात कालवला. मग म्हणाला, "पायाला एवढं कळतं, तर पायासाठीच वाट करू की."

त्या वर्षांत आमच्या वसाहतीत घरोघरी तोडफोड चालली होती. हमरस्त्यावर टाइल्सची झगमगती दुकानं आली होती. लोक जुन्या फरश्या उखडून आरशासारख्या नव्या बसवत होते, आणि गल्लीच्या तोंडाशी जुन्या फरश्यांचे ढीग पडत होते. नव्या मालाच्या त्याच वाऱ्यानं नवऱ्याच्या जुन्या कारखान्यातलं काम मात्र कमी झालं होतं. तो बरेच दिवस घरीच असायचा. सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून तो तुकडे आणू लागला. काळा कडप्पा, पिवळट तांडूर फरशी, मोझॅकच्या कपच्या. ते धुऊन उन्हात मांडले की अंगणात कुणीतरी रंगीत स्वप्न वाळत घातल्यासारखं वाटायचं.

आम्हा दोघांनाही गवंडीकाम येत नव्हतं. पहिल्यांदा सिमेंटचा माल इतका पातळ झाला की संध्याकाळपर्यंत फरश्या एका बाजूला कलल्या. सगळं उखडलं. मग माती खणून विटांचे तुकडे ठोकून बसवले, वर वाळूसिमेंटचा घट्ट थर दिला. पायरीपासून गुळगुळीत कडप्पा, वळणावर गोटे, मोगऱ्यापाशी बारीक कपच्या, म्हणजे कुठं आलो ते तळव्याला समजावं. सासूबाई खुर्चीत बसून काठीनं सुकलेली फरशी ठोकायच्या.

"ही नक्को. पोकळ वाजतेय."

उचलून बघावं तर खाली माल पोचलेलाच नसायचा. नवरा हसून पुन्हा थापी हातात घ्यायचा. संध्याकाळी मी पाणी मारायची. ओल्या सिमेंटचा आणि मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळायचा, सासूबाई डोळे मिटून बसायच्या, आणि मला वाटायचं, या घटकेला आम्ही तिघं सारखंच बघतोय.

वाट पक्की झाली त्या सकाळी त्या पायरीवर उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

काठी न टेकता त्या उतरल्या. वळणावर गोटे लागताच थांबल्या, पाऊल जरा चाचपलं, वळल्या. मोगऱ्यापाशी फुलं काढायला वाकतील असं मला वाटलं, पण त्या तशाच पुढे गेल्या. वाटेच्या टोकाशी भिंतीला हात लागला तेव्हा त्यांनी शेजारणीला हाक मारली. ती ओल्या हातांनीच धावत आली. दोघींनी भिंतीवरून एकमेकींचे हात धरले.

मग शेजारीण माझ्या नवऱ्याला म्हणाली, "बाबू, ही दीवार इथून तोड."

"तुमची पण भिंत आहे, अम्मा."

"म्हणून तर सांगतेय."

त्यानं छिन्नी लावली. एक माणूस जाईल एवढी फट पाडली, कडा गिलावा करून गोल केल्या, म्हणजे अंगाला खरचटू नये. पलीकडची वाट शेजारणीनं स्वतः ठरवली. नव्या स्वयंपाकघरासाठी काढून टाकलेला तिचा जुना ओटा मागे पडून होता. त्याच्या फरश्या तिनं आम्हाला दिल्या. "अक्काला आवडेल," सासूबाईंकडे बघत म्हणाली, "यावरच भाज्या चिरल्यात मी सारी उमर."

पुढे सासूबाईंचा उजेडाचा गोलही मावळला. तो कोणत्या दिवशी मावळला हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, विचारलं तर म्हणायच्या, "असेल, मागच्याच महिन्यात." तोवर त्यांचं रोजचं जाणं-येणं ठरून गेलं होतं. ऊन उतरलं की त्या निघायच्या, गोट्यांवरून वळायच्या, भिंतीच्या फटीतून पलीकडे नाहीशा व्हायच्या. मी स्वयंपाकघरात काम करत असायची. थोड्या वेळानं पलीकडून कपबशीचा आवाज यायचा, मग दोघींचं हसणं. उशीर झाला तरी मी त्यांना आणायला जात नसे.