सुतारकाकांची पिवळी फळी

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना मोडकी वस्तू बघवत नाही. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी बसण्याआधी खुर्ची हलवून बघतील, खिशातून कागदाची घडी काढतील आणि आखूड पायाखाली सारतील. बासष्टावं वर्ष लागलं तरी माणसाचं बूड एका जागी टेकत नाही. "याला हात दिले, पण ते ठेवायला मांडी द्यायची राहिली," असं त्यांची अक्का म्हणते.

अक्का त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण रोज साडेबाराला गल्लीच्या वरच्या टोकाहून काठी टेकत, भावाचा डबा घेऊन ती एकटी येते. हात धरलेला तिला खपत नाही. रस्ता पाठ आहे म्हणते.

काकांच्या दुकानासमोर गटाराचं चेंबर आहे. त्याचं झाकण कचरागाडीच्या चाकाखाली फुटलं, त्या दिवशी काकांनी पालिकेत तक्रार दिली आणि संध्याकाळच्या आत फळी ठोकून भोक बुजवलं. ती फळी कुजली. दुसरी दूधवाल्याच्या पायाखाली मोडली, तो गुडघ्याइतका आत गेला. तिसरी काकांनी जुन्या दाराची केली. खालून आडव्या पट्ट्या, कडा घासलेल्या, वर पिवळा रंग. अक्काची काठी तिच्यावर टक्कन वाजली की तिला कळायचं, दुकान आलं.

पण लाकूड खालून कसं मरतं ते काकांना ठाऊक होतं. आत चोवीस तास ओल. एक दिवस ही फळीही मोडणार, आणि रोज तिच्यावर पाय देणारी अक्का आहे. त्यांना झोप लागेना. सात महिन्यांत तिसऱ्यांदा ते पालिकेच्या तक्रार खिडकीवर गेले.

"काका, तुमची तक्रार निकाली निघाली," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"कशी निघाली? झाकण कुठं आलंय?"

"इथं लिहिलंय. पाहणी केली, चेंबर झाकलेले आढळले. दोन्ही वेळा."

"अहो, ती माझी फळी!"

"मग एवढी सुबक कशाला केलीत?" बाईंनी आवाज खाली आणला. "गुरुवारी साहेब तुमच्या भागात आहेत. त्या दिवशी काढून ठेवा. उघडं दिसलं की लिहितील."

"किती वाजता?"

"दहा ते पाच."

"ही काय वेळ झाली? हा आख्खा दिवस झाला!"

"माझ्यावर कशाला चिडता? मीही इथं दहा ते पाचच बसते."

बुधवारी काकांनी अक्काला सांगितलं, "उद्या डबा आणू नकोस."

"का रे बाळ? कुणी मुलगी दिली की काय तुला?"

"अगं, फळी काढणार आहे. एक दिवस घरी बस."

"बरं," अक्का म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे काय, हे गल्लीला माहीत आहे.

गुरुवारी साडेनऊला काकांनी फळी उचलली. भोकाच्या दोन्ही बाजूंना स्टुलं ठेवून दोरी बांधली आणि शेजारी बसले. दुकानात एका खुर्चीचा पाय सरसाची वाट बघत होता, पण काकांना उठवेना आणि बसवेना. कुठलीही मोटारसायकल वाजली की उभे राहायचे. समोरून पोरं पळत आली की फळी टाकायचे, ती गेली की उचलायचे.

"काका, फळी आहे का दार?" समोरची इस्त्रीवाली ओरडली. "किती उघडझाक करताय!"

सव्वाबारा वाजले. काका वरच्या टोकाकडे बघू लागले. त्यांना ते 'बरं' आठवलं. त्यांनी दोरी सोडली, स्टुलं बाजूला केली, फळी जागेवर टाकली, आणि नेमके त्याच क्षणी साहेब आले.

"उघडं कुठंय? झाकलंय की."

"आत्ताच झाकलं, साहेब."

"सगळे असंच म्हणतात."

काकांनी फळी उचलून उलटी केली. खालची बाजू काळी पडली होती. त्यांनी पटाशी टेकवली, जोर न लावता ती मऊ भातात बोट जावं तशी आत गेली. "मी सुतार आहे, साहेब. ही महिनाभर टिकली तर नशीब."

साहेबांनी फोटो काढला आणि ते मोबाइलमध्ये बघत राहिले. तेवढ्यात काठी ऐकू आली. अक्का भोकाच्या पलीकडून येत होती, काका अलीकडे, हातात फळी.

"अक्का, थांब!"

जन्मात कधी ती कुणाच्या सांगण्यावरून थांबली आहे? नेहमीच्या जागी काठी खाली आली, पण टक्क वाजलं नाही. काठी आत गेली आणि अक्का तिच्यामागे झुकली. साहेब जवळ होते. त्यांनी मोबाइल टाकून तिला दोन्ही दंडांना धरलं. डबा मात्र गटारात गेला.

श्वास जागेवर आल्यावर अक्कानं विचारलं, "कोण रे तू?"

"पालिकेतला, आजी."

"मग डबा काढ."

साहेब गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात घालून चाचपडले. डबा लागला नाही. चिखलाची बाही तशीच ठेवून त्यांनी कागदावर लिहिलं, 'तातडीचे'. काका फळी छातीशी धरून नुसते उभे होते.

आठव्या दिवशी लोखंडी झाकण आलं. भक्कम, पण किंचित सैल. पाय पडला की खण्ण वाजायचं. त्या आवाजानं काकांचा जीव खालीवर होऊ लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या टायरची पट्टी कापली आणि कडेला बसवायला ते झाकणापाशी उकिडवे बसले.

काठी आली. खण्ण.

"आलं बाई तुझं दुकान," अक्का म्हणाली आणि तिनं नवा डबा पुढे केला.

ती पट्टी अजून दुकानात खिळ्याला लटकते आहे. झाकण वाजलं की काका हातातला रंधा ठेवून दारापर्यंत येतात, झाकणाकडे बघतात आणि परत जातात. दिवसातून पन्नास वेळा तरी.