दोन खिळे आणि एक सही

वसुधाकाकूंवर अन्याय झाला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, जर्मनीत, बाड हॉम्बुर्गमधल्या त्यांच्याच घराच्या नव्या दारात. काम तपासायला आलेल्या मायस्टरने, म्हणजे दारं-खिडक्या बसवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कारागिराने, चौकटीतले दोन खिळे पाहिले आणि फॉर्म परत बॅगेत घातला.

"तुम्ही माझं दार बिघडवलंत. मी सही करणार नाही."

खिळ्यांना तोरण होतं.

मी घरमालकांना ऊर्जा-बचतीच्या सवलती समजावणाऱ्या छोट्या सल्लाकेंद्रात काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, वेळ आली की भांडते. जुन्या घरात तुम्ही स्वतः राहत असाल आणि ऊब धरणारी दारं-खिडक्या बसवलीत, तर खर्चाचा पाचवा हिस्सा तीन वर्षांत टॅक्समधून कमी होतो. बाकी अटी आहेतच, पण घोडं अडतं एका कागदावर: काम नियमानुसार झालं, अशी कंपनीची सही. ती मिळाली नाही तर सवलत नाही, आणि त्या पैशांतून बदलायच्या काकूंच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या तशाच राहणार होत्या. काकू वरच झोपतात.

"अगं, काढून टाकू का खिळे?" काकूंनी फोनवर विचारलं. "काकांचेच आहेत ते."

"हात लावू नका. येतेय मी."

पुण्याहून आलो तेव्हा मी सात वर्षांची. इथला आमचा प्रत्येक दसरा काकूंकडे. आंब्याची पानं कुठून आणणार, म्हणून कुंपणाच्या लॉरेलची पानं ओवायची. काका स्टुलावर, मी खाली खिळे धरून. जुन्या दाराच्या फटीतून इतका वारा यायचा की दार लावलं तरी आतलं तोरण हलायचं. "बघ," काका म्हणायचे, "देवी आली. बेलसुद्धा वाजवली नाही."

काका गेले. जुनं दार निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी ते दोन खिळे पक्कडीने उपटून ठेवले, आणि दसऱ्याला नव्या चौकटीत स्वतः ठोकले.

मी मायस्टरला पुन्हा बोलावलं. फॉर्म समोर ठेवला.

"यात विचारलंय काय? काय बसवलं, कधी बसवलं, उ-वेर्ट किती." उ-वेर्ट म्हणजे ऊब किती निसटते त्याचा आकडा, कमी तितका चांगला. "खिळ्यांचा रकाना दाखवा."

"आल्झो, हे बघा, उद्या तिथून वारा आला तर बाई मलाच फोन करणार."

"खिळ्यांची जबाबदारी त्यांची. लिहून देतील. तुमच्या दारावर ख्रिसमसला हार कशाला लटकतो?"

"खिळ्याला. पण तो मी ठोकलाय. मी मायस्टर आहे."

काकू चहा घेऊन आल्या. "मग हेही तुम्हीच ठोका."

त्याने बॅगेतून पक्कड आणि हातोडी घेतली. मग खिळे काढले, भोकं बुजवली, आणि वारा अडवणाऱ्या रबरी पट्टीपासून लांब, नुसत्या लाकडात तेच दोन खिळे ठोकले. सही केली. चहा प्यायला.

आता तोरण हलत नाही. "देवीला बेल वाजवावी लागणार," काकू म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळल्या.

काकूंनी ठोकण्याआधी विचारायला हवं होतं, मान्य. पण केलेल्या कामाचा कागद अडवून ठेवणं ही शिक्षा झाली, आणि ती द्यायचा हक्क त्याला कुणी दिला नव्हता.

तुमचीही दारं-खिडक्या बदलून झाली असतील, तर हे वाचणं थांबवा. उठा, फाईल उघडा, सही केलेला कागद आहे का बघा. नसेल, तर आजच फोन लावा. तोरण नंतर.